दुपारी बंद पडणारी जीप: नागपुरातल्या एका पेट्रोल सीजे-३बीचं प्रकरण

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९६७ची, मूळ पेट्रोल इंजिनासह. मुक्काम त्रिमूर्तीनगरातल्या एका घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. तक्रार ऐकायला साधी होती. सकाळी आठला जीप एका सेल्फमध्ये सुरू व्हायची आणि काटोल रोडने कळमेश्वरपर्यंत बिनतक्रार जायची. दुपारी दोन वाजता त्याच रस्त्यावर फेटरीच्या अलीकडेच तिचा दम जायचा. आधी ओढ कमी व्हायची, मग झटके बसायचे, मग इंजिन बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, आणि थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच. हिवाळ्यात यातलं काहीच नव्हतं. होळीनंतर त्रास सुरू झाला आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत दुपारी गाडी बाहेर काढणंच थांबलं.

मालक, म्हणजे काकाजी, निवृत्त शिक्षक आहेत. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. जीप त्यांच्या वडिलांनी बागेसाठी घेतली होती. वडील गेल्यावर बरीच वर्षं ती उभीच होती. काकाजी निवृत्त झाले, मुलगी नोकरीनिमित्त पुण्याहून नागपुरात परतली, आणि दोघांनी मिळून घरीच जीप उभी करायला घेतली. गंज काढणं, वायरिंग नव्याने ओढणं, सीटा शिवून घेणं ही कामं त्यांनी स्वतः केली. मला बोलावलं ते ब्रेकसाठी, आणि नंतर या दुपारच्या आजारासाठी. हे टिपण त्या दुसऱ्या कामाचं आहे. हाच आजार विदर्भातल्या कितीतरी जुन्या पेट्रोल जीपना आहे, आणि त्यावर सांगितला जाणारा इलाज बहुतेक वेळा गाडीचं कायमचं नुकसान करणारा असतो.

तो इलाज म्हणजे इंजिन बदलणं. काकाजींना भेटलेल्या प्रत्येक मिस्त्रीने थोड्याफार फरकाने तेच सांगितलं होतं. "काकाजी, पेट्रोल इंजिन आपल्या उन्हात चालतच नाई. काहून डोकं लावून राहिले? डिझेल टाका, आयुष्यभर पाहायचं काम नाई." सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. पेट्रोल महाग झाल्यावर देशभर हजारो जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, आणि म्हणूनच मूळ इंजिन असलेली जीप आज शोधावी लागते. पण या गाडीपुरता हा सल्ला तिन्ही बाजूंनी चुकीचा होता.

पहिली बाजू यंत्राची. विलिसने सीजे-३बी १९५३ मध्ये आणली ती 'हरिकेन' या नव्या इंजिनासाठी. २.२ लिटरचं हे चार सिलिंडरचं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं गेलं, आणि या जीपचा तो ओळखीचा उंच चेहरा तिथूनच आला. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ला थांबलं, आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कितीतरी काळ बनवलं. तीन गिअरचा गिअरबॉक्स, दोन दांड्यांची ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि ५.३८चं अ‍ॅक्सल गुणोत्तर हे सगळं या पेट्रोल इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवलेलं आहे. कमी फेऱ्यांचं, जड डिझेल इंजिन पुढे बसवलं की समोरच्या पाट्यांवर (स्प्रिंगांवर) वजन वाढतं, स्टिअरिंग जड होतं, आणि त्याच गुणोत्तरावर गाडीचा वेग आणखी उतरतो.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं. आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि गाडीत इंजिन डिझेल, अशा अवस्थेत नोंदणीचं नूतनीकरण अडतं आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. त्यातच जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम काढले. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत ही मुख्य अट आहे. या जीपच्या इंजिनावरचा नंबर आरसीशी तंतोतंत जुळत होता. तो जुळणारा नंबर भंगारात देऊन बदल्यात काय मिळणार होतं?

तिसरी बाजू सगळ्यांत साधी आहे. पेट्रोल इंजिन उन्हात चालत नाही हे खरं असतं, तर हीच जीप काकाजींच्या वडिलांनी मे महिन्यात संत्र्याच्या बागेत वर्षानुवर्षं कशी चालवली असती? तेव्हा चालत होती आणि आता चालत नाही, म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललं. ते शोधायचं, एवढंच ठरवलं.

रस्त्यावर चाचण्या घ्यायच्या तर आधी ब्रेक विश्वासाचे हवेत, म्हणून ते काम आधीच उरकलेलं होतं. या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. चारपैकी एका चाकाची गळती पेडल थेट फ्लोअरपर्यंत नेते. शिवाय मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याखाली असतो, त्यामुळे बहुतेकांच्या नजरेतूनच जातो. आम्ही चारही व्हील सिलिंडर उघडले, आतून खड्डे पडलेले दोन बदलले, सगळी रबरं नवी घातली आणि स्टीलच्या नळ्या नव्याने ओढल्या. बाजारात साधी तांब्याची नळी स्वस्त मिळते. ती ब्रेकसाठी वापरू नये. सततच्या थरथरीने तांबं कडक होऊन तडकतं. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे, हेही लक्षात ठेवायचं. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो ओढायचा.

आता मूळ आजार. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या पेट्रोल गाडीत तीन संशयित असतात. पहिला कॉइल किंवा कंडेन्सर, म्हणजे ठिणगी तयार करणारे भाग. उष्णतेने आतली वाइंडिंग तुटते, थंड झाली की पुन्हा जोडली जाते. दुसरा इंजिनाचा अतिताप. तिसरा म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत न पोचणं. तिघांची लक्षणं बाहेरून इतकी सारखी दिसतात की अंदाजाने कोणतंही नाव घेता येतं. अंदाजानेच या गाडीत आधी दोन कॉइल बदलून झाल्या होत्या, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकला होता आणि कार्ब्युरेटर वारंवार उघडला होता.

खरा पुरावा मिळतो तो गाडी बंद पडल्यापासून पहिल्या दोन-तीन मिनिटांत. त्यानंतर सगळं थंड होतं आणि गुन्हेगार निसटतो. म्हणून आम्ही घरूनच तयारी करून निघालो. इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या नळीत पेट्रोलला चालणारा पारदर्शक नळीचा छोटा तुकडा बसवला. एक जादा प्लग, इन्फ्रारेड थर्मामीटर, पाण्याची कॅन आणि फडकी घेतली. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवला. गरम इंजिनाजवळ पेट्रोलची नळी उघडी करायची असेल तर त्याशिवाय हात लावू नये, आणि पारदर्शक तुकडा चाचणी झाल्याबरोबर काढून टाकावा.

भर दुपारी निघालो. गाडीने नेहमीच्या टप्प्यात मान टाकली. मुलीने ठरल्याप्रमाणे आधी टाकीचं झाकण फिरवलं. या जीपमध्ये टाकी चालकाच्या सीटखालीच असते. झाकण सैल होताच आत हवा ओढली जाण्याचा 'सुस्स' आवाज स्पष्ट ऐकू आला. मी तोवर जादा प्लग वायरीला लावून इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवला होता. सेल्फ मारल्यावर ठिणगी निळी, जाड आणि नियमित पडत होती. म्हणजे कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट तिघेही निर्दोष. पारदर्शक नळीत पाहिलं तर पेट्रोलऐवजी बुडबुड्यांची साखळी होती. पंपाच्या अंगावर थर्मामीटर ७० अंशांच्या वर दाखवत होता. पंपावर ओलं फडकं गुंडाळून वर थोडं थोडं पाणी टाकलं. काही मिनिटांतच नळी भरली आणि गाडी सुरू झाली. अर्धा तास थांबावं लागलं नाही.

मिस्त्री याला 'पंपात गॅस बनली' म्हणतात, पुस्तकात त्याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपाचा पडदा द्रव ढकलण्यासाठी बनवलेला आहे. नळीत वाफ भरली की पडदा वाफच दाबतो-सोडतो आणि पेट्रोल जागचं हलत नाही. पण 'व्हेपर लॉक आहे' एवढं म्हणणं म्हणजे 'ताप आहे' म्हणण्यासारखं. ताप कशाने आला हे त्यात येत नाही.

इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं. पेट्रोल हा अनेक घटकांचा मेळ आहे आणि त्यातले सर्वांत हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. त्यात पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणजे टाकी ते पंप या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. दाब कमी झाला की उकळबिंदू आणखी खाली येतो. म्हणून व्हेपर लॉक बहुधा पंपाच्या आधीच्या, ओढणाऱ्या बाजूला होतो. लोक मात्र पंपानंतरची नळी आणि कार्ब्युरेटर गुंडाळत बसतात. नागपुरात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असताना बॉनेटखाली किती असेल, याची कल्पना करता येईल. या इंजिनाची रचनाही मदत करत नाही. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असले तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत, त्यामुळे तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला धूर गोळा करणारा बिडाचा भाग) ब्लॉकच्या अंगाला चिकटून असतो आणि पेट्रोल पंप त्याच बाजूला बसतो.

पण हे सगळं १९६७ मध्येही असंच होतं. मग मधल्या काळात काय बदललं? एकेक वस्तू काढून पाहिली तेव्हा उत्तर सुट्या सुट्या तुकड्यांत मिळालं.

सगळ्यांत मोठा तुकडा टाकीचं झाकण. मूळ झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. पेट्रोलचोरीच्या भीतीने कधीतरी त्या जागी कुलपाचं झाकण बसवलं गेलं होतं, आणि त्याला भोकच नव्हतं. पंप पेट्रोल ओढत जाई, तेवढी हवा आत येत नसे, टाकीत निर्वात वाढत जाई. हिवाळ्यात पंप त्यावर मात करत होता. उन्हाळ्यात तोच निर्वात पेट्रोल उकळवायला पुरेसा ठरत होता.

दुसरा तुकडा नळीचा मार्ग. चासीच्या कडेने गेलेली मूळ स्टीलची नळी गंजली म्हणून कोणीतरी रबराची लांब नळी टाकली होती, आणि जवळचा रस्ता म्हणून ती सायलेन्सरच्या पाइपाशेजारून नेली होती. नळी कापून पाहिली तर आतून फुगून मऊ झालेली, एका वळणावर जवळजवळ मिटलेली. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आता बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साध्या नायट्राइल रबराच्या जुन्या नळ्या, कॉर्कची पॅकिंग आणि पंपाचे पडदे त्यात फुगतात, चिरतात. इथेनॉलच्या मिश्रणाने पेट्रोलचा बाष्पदाबही थोडा वाढतो, म्हणजे वाफ व्हायला आणखी सोपं.

तिसरा तुकडा हरवलेल्या भागांचा. मॅनिफोल्ड आणि पंपाच्या मध्ये उष्णता अडवणारा पत्रा नव्हता. कार्ब्युरेटरखाली उष्णता न वाहणारा जाड स्पेसर असायला हवा, तिथे कागदी पॅकिंग होतं. कधीतरी काम करताना काढले गेले आणि परत बसले नाहीत. जुन्या गाडीचे असे छोटे भाग हरवत जातात आणि प्रत्येक वेळी गाडी चालूच राहते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्ती याच क्रमाने झाली. झाकण भोकाचं आणलं. टाकी ते पंप नळी पुन्हा स्टीलची केली आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चासीच्या आतल्या कडेने नेली. जिथे लवचीक तुकडा लागतोच तिथे इथेनॉल सहन करणारी, व्हिटन या खास रबराच्या अस्तराची नळी वापरली. पंप उघडून इथेनॉलला चालणारा पडदा आणि नवे व्हॉल्व्ह बसवले आणि दाब मोजला, तो चौरस इंचाला तीन पौंडांच्या आसपास आला, जो या कार्ब्युरेटरला योग्य आहे. पत्रा घरीच कापून बसवला, दोन्ही बाजूंनी हवा फिरेल एवढी जागा सोडून. स्पेसर बॅकेलाइटचा करून घेतला.

एक भाग मात्र मूळ गाडीत नव्हता, तो विचार करून वाढवला. पंपानंतर तीन तोंडांचा फिल्टर लावला. तिसऱ्या तोंडाला बारीक छिद्राचा अडथळा असतो आणि तिथून नळी परत टाकीत जाते. नळीत वाफ झालीच तर ती कार्ब्युरेटरकडे न जाता टाकीकडे वळते, आणि पेट्रोल सतत फिरत राहिल्याने पंपही थंड राहतो. फिल्टर बसवताना हे तिसरं तोंड वरच्या बाजूला हवं, वाफ वर जाते म्हणून. परतीच्या नळीसाठी टाकीला भोक पाडलं नाही किंवा डाग दिला नाही, पेट्रोल गेजच्या प्लेटवर जोड काढला. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करणं जिवाशी खेळ आहे. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल काकाजींनी दोनदा विचारलं. टाकीजवळ बसवलेला इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलतो, ओढत नाही, त्यामुळे व्हेपर लॉक खरोखर कमी होतो. पण गाडी उलटली किंवा नळी तुटली तरी तो पेट्रोल फेकत राहतो. ऑइल प्रेशर गेलं की पंप तोडणारा स्विच लावल्याशिवाय तो बसवू नये असं माझं ठाम मत आहे. टाकी सीटखाली असलेल्या गाडीत तर नाहीच. मूळ पंपावर काम भागत असताना ती जोखीम घेण्याचं कारण नव्हतं.

टाकीच्या आतला गंजही याच वेळी काढला. गरम पाणी आणि साबणाने वारंवार धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर लिंबूसत्वाचं द्रावण भरून ठेवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन एप्रिलच्या उन्हात कोरडी केली. विदर्भाच्या उन्हाचा असा उपयोगही होतो. वाळल्याबरोबर थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवलं, नाहीतर धुतलेला पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो.

यानंतर गाडी दुपारी बंद पडली नाही. पण रवीनगर चौकातल्या सिग्नलवर थांबली की तापमानाचा काटा चढत होता, आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर तो लाल पट्टीच्या काठावर जात होता. म्हणजे दुसरा संशयितही पूर्ण निर्दोष नव्हता. इंजिन जितकं तापणार, तितकाच पंपही तापणार.

रेडिएटर नुकताच साफ केलेला होता, त्याच्या नळ्यांतून पाणी नीट वाहत होतं. मी ब्लॉकच्या बाजूच्या डमी, म्हणजे पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या, काढायला सांगितलं. काकाजींना ते पटत नव्हतं, कारण डमी गळत नव्हत्या. काढल्यावर आतून गंजाचा आणि चुन्याचा लगदा निघाला, सर्वांत जास्त मागच्या सिलिंडरभोवती. कितीतरी वर्षं बोअरवेलचं पाणी भरल्याचा तो परिणाम. तारेने खरवडून, दाबाच्या पाण्याने दोन्ही दिशांनी ब्लॉक धुतला, नव्या डमी बसवल्या. आता एक तृतीयांश कूलंट आणि बाकी आरओचं पाणी भरलं आहे. नागपुरात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधकांसाठी.

फेकलेला थर्मोस्टॅटही परत आला. तो काढल्याने इंजिन थंड राहतं हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. गरम इंजिनात थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो काढून जवळजवळ काहीच मिळत नाही. हिवाळ्यात मात्र इंजिन नीट तापायला उशीर होतो, ऑइलमध्ये ओल आणि काजळी साठते.

मग टायमिंग. ते मागे होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. मागे असलेलं टायमिंग म्हणजे इंधन उशिरा जळणं आणि ती उष्णता एक्झॉस्टमध्ये जाणं. या इंजिनात एक्झॉस्ट ब्लॉकमधूनच जातो, म्हणजे ती थेट पाण्यात. पॉइंटची गॅप २० थाऊ (इंचाचे हजारांश), प्लगची ३० थाऊ, टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर येण्याच्या, ५ अंश आधी. व्हॉल्व्हची गॅप थंड इंजिनावर इनटेक १८ आणि एक्झॉस्ट १६ थाऊ. इथे बरेच मिस्त्री साइड व्हॉल्व्हच्या (दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेल्या) जुन्या जीपच्या सवयीने दोन्ही गॅप सारख्याच ठेवतात. तसं करू नये.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पारा ४५च्या पुढे असताना, मुलगी जीप घेऊन दुपारी काटोलपर्यंत गेली आणि बागेत तासभर गाडी उभी ठेवून परतली. गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करणं ही सगळ्यांत कठीण परीक्षा असते, कारण बंद इंजिनात पंखा नाही, पाणी फिरत नाही, आणि सगळी उष्णता वर पंपाकडे आणि कार्ब्युरेटरकडे येते. सेल्फ थोडा लांब मारावा लागला, पण सुरू झाली. काटा मधल्या जागेच्या जरा वर राहिला. पूर्ण खर्च नव्या-जुन्या डिझेल इंजिनाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात बसला, आणि त्यातला मोठा भाग ब्रेकचा होता.

कागदांचं काय केलं हेही सांगायला हवं, कारण हा प्रश्न मला प्रत्येक जुन्या गाडीवाला विचारतो. दिल्ली परिसरातली १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी आपल्याकडे लागू नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घेता येते. व्हिंटेज नोंदणीचा पर्यायही होता. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच परवानगी असते. काकाजींना ती बागेत न्यायची आहे, संत्र्याचे क्रेट वाहायचे आहेत. त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवली, आणि या गाडीसाठी तोच निर्णय योग्य वाटतो. जिला शोभेच्या रांगेत उभं राहायचं आहे तिच्यासाठी उत्तर वेगळं येईल.

पावसाळ्यात देखभालीचा रोख बदलतो. काटोलकडच्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर फोर व्हील लागतंच. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नाही, त्यामुळे फोर व्हील चिखलात किंवा सुट्या मातीतच लावायचं. कोरड्या डांबरावर लावलं की वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात, ताण ट्रान्सफर केसच्या गिअरवर येतो आणि दांडी बाहेर निघत नाही. चिखलातून आल्यावर ब्रेक ड्रम धुवायचे, ग्रीसच्या निपलांना नवं ग्रीस द्यायचं, जुनं बाहेर दिसेपर्यंत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चाललेली असो वा नसो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची पातळी मी दोन्ही एकाच वेळी तपासायला सांगितली आहे. मधल्या सीलमधून ऑइल एकातून दुसऱ्यात जातं. एकाचं तोंड उघडल्यावर ऑइल बाहेर ओघळलं की माणूस समाधानाने बूच लावतो, आणि शेजारचा कोरडा पडत असतो. ऑइल जीएल-४ दर्जाचं. काही जीएल-५ ऑइलं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा खातात.

उरलेलं काम स्टिअरिंगचं. या जीपमध्ये स्टिअरिंग बॉक्सची हालचाल मधल्या बेलक्रँकमधून, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या तरफेतून, दोन्ही चाकांकडे जाते, आणि त्या बेलक्रँकची पिन-बुश झिजली आहे. साठच्या पुढे गाडी रस्त्यावर भटकते, म्हणून तोवर पन्नासची मर्यादा ठरवून दिली आहे. पिन आणि बुश मिळाले आहेत, संत्र्याचा आंबिया बहार उतरला की अ‍ॅक्सल खाली घेऊन किंगपिनच्या बेअरिंगसह एकदमच करायचं ठरलं आहे. रंगाचा विषय काकाजी अधूनमधून काढतात. आरसीतला मूळ रंग कोणता ते वाचून ठेवलं आहे, पण स्टिअरिंग होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, यावर आता त्यांची मुलगीच अडून बसली आहे.